‘पेक्षा’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

तुम्ही विचारलंय: मराठी माध्यमातून शिकलो, सध्या नागपुरात मुलाखती देतोय, बाकी इंग्रजी निभतं पण तुलना करायची वेळ आली की वाक्य चुकतं, तर ‘अर’ कधी लावायचा आणि ‘मोअर’ कधी, याचा पक्का नियम सांगा. सोबत तुमची चार वाक्यं आहेत. ‘आय ॲम मोअर बेटर दॅन अदर कँडिडेट्स’, ‘नागपूर इज व्हेरी हॉटर दॅन पुणे’, ‘माय सॅलरी इज लेस दॅन माय फ्रेंड’ आणि ‘माय ब्रदर इज बिगर दॅन मी बाय फोर इयर्स’.

नियम सांगते. पण या चारपैकी एकाच वाक्याचा त्या नियमाशी संबंध आहे. बाकीची तीन वाक्यं चुकली ती तुमचं मराठी पक्कं आहे म्हणून. मी नागपूरच्या महाल भागात राहते आणि गेली बावीस वर्षं मराठी शाळांतल्या मुलांना संध्याकाळी इंग्रजी शिकवते. हीच चार वाक्यं दरवर्षी वेगवेगळ्या अक्षरांत माझ्यापुढे येतात, म्हणून जरा मुळापासून सांगते.

मराठीत आपण तुलना कशी करतो ते बघा. ‘हे संत्रं गोड आहे.’ ‘हे संत्रं त्या संत्र्यापेक्षा गोड आहे.’ ‘हे संत्रं सगळ्यांत गोड आहे.’ तिन्ही वाक्यांत ‘गोड’ला कुणी हात लावलेला नाही. तुलनेचं सगळं ओझं ‘पेक्षा’नं आणि ‘सगळ्यांत’नं उचललं. हा ‘पेक्षा’ संस्कृतातल्या ‘अपेक्षा’पासून आलाय, अमक्याच्या अपेक्षेनं, म्हणजे अमक्याकडे पाहता. ‘त्याहून गोड’मधला ‘हून’ हेच काम करतो, आणि आमच्याकडे खेड्यांत ‘त्याच्यापरस गोड’ म्हणतात तेव्हाही ओझं ‘परस’वरच असतं. ज्याच्याशी तुलना करायची त्याला खूण लावली की मराठी माणसाचं काम झालं.

इंग्रजीत तेवढ्यानं भागत नाही. तिथे ‘दॅन’ तर लागतोच, शिवाय विशेषणालाही स्वतःची खूण लागते. आपल्याला या दुसऱ्या खुणेची सवय नसते, म्हणून एकतर ती राहून जाते, नाहीतर दोनदा लागते. काटोलचा एक मुलगा माझ्याकडे यायचा, घरची संत्र्याची बाग. मृग आणि आंबिया हे संत्र्याचे दोन बहार, म्हणजे दोन हंगाम. तो पहिल्या महिन्यात म्हणायचा, ‘मृग ऑरेंज इज स्वीट दॅन आंबिया ऑरेंज.’ मी म्हटलं, खूण राहिली. दुसऱ्या महिन्यात तो ‘मोअर स्वीटर’ म्हणू लागला. मृग बहाराचं संत्रं आंबियापेक्षा गोड की नाही यावर त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, ते त्याला माझ्यापेक्षा कळत होतं. पण ‘मोअर स्वीटर’ का सुचतं हे मी त्याच्याकडून शिकले. तो म्हणाला, ‘मॅडम, स्वीटर म्हणजे गोड. मोअर म्हणजे जास्त. जास्त गोड.’ त्याच्या कानाला ‘स्वीटर’मधला ‘अर’ ऐकूच येत नव्हता.

तुमच्या ‘मोअर बेटर’चं हेच झालंय. ‘बेटर’ हा शब्द आपण मराठीत सर्रास वापरतो. ‘आता बेटर वाटतंय’, ‘हे बेटर आहे’. मराठीत येऊन त्याचा अर्थ नुसता ‘बरा’ किंवा ‘चांगला’ झालाय. मग इंग्रजी बोलतानाही तो साधाच वाटतो आणि आपण त्याला वरून ‘मोअर’ जोडतो. खरं तर ‘बेटर’ म्हणजेच ‘अधिक चांगला’, त्याच्या पोटात ‘मोअर’ आधीच आहे. लाज वाटून घेऊ नका. चारशे वर्षांपूर्वी चांगले इंग्रज लेखकसुद्धा अशी दुहेरी खूण लावत. अठराव्या शतकात व्याकरणकारांनी ती चूक ठरवली आणि तेव्हापासून ती चूकच आहे. मुलाखतीत ‘आय ॲम बेटर दॅन द अदर कँडिडेट्स’ हे व्याकरणानं बरोबर आहे. पण माझं ऐकाल तर हे वाक्यच म्हणू नका. बाकीच्या उमेदवारांना तुम्ही पाहिलेलंही नसतं. ‘आय ॲम बेटर ॲट एक्सेल दॅन आय वॉज अ यर अगो’ असं काहीतरी म्हणा. स्वतःचीच कालच्या स्वतःशी तुलना केली की ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

आता नियम. शब्द तोंडानं एका झटक्यात उच्चारला जात असेल तर ‘अर’ आणि ‘एस्ट’: टॉल, टॉलर, टॉलेस्ट. तीन किंवा जास्त झटके लागत असतील तर ‘मोअर’ आणि ‘मोस्ट’: मोअर इंटरेस्टिंग. मधल्या, दोन झटक्यांच्या शब्दांत ‘वाय’नं संपणारे ‘अर’कडे जातात, ईझी-ईझियर, हॅपी-हॅपियर, सिंपल आणि नॅरो हेही तिकडेच. केअरफुल, युसफुल, मॉडर्न असे बाकीचे ‘मोअर’कडे. गुड, बॅड, लिटल, मच, फार हे पाठच करावे लागतात. लिहिताना ‘हॉटर’मध्ये ‘टी’ दोनदा येतो आणि ‘बिगर’मध्ये ‘जी’ दोनदा. एक पळवाट मात्र पुस्तकं फारशी सांगत नाहीत: टायर्ड, बोअर्ड, वॉर्न यांसारखी क्रियापदापासून झालेली विशेषणं कितीही छोटी असली तरी ‘मोअर’च घेतात. ‘टायर्डर’ कुणी म्हणत नाही.

आणि एकाच माणसातले दोन गुण तोलायचे असतील तर छोट्या शब्दालाही ‘मोअर’ लागतो. ‘तो रागावलेला कमी, दुःखी जास्त होता’ याला ‘ही वॉज मोअर सॅड दॅन अँग्री’ म्हणतात. तिथे ‘सॅडर’ चालत नाही.

शाळेत आपल्याकडून ‘डिग्री बदला’ (अर्थ तोच ठेवून तुलनेचं रूप बदलायचं) करून घेतात ना, ‘नो अदर’ आणि ‘व्हेरी फ्यू’वाली वाक्यं, त्यानं साचे पाठ होतात हे खरं. पण माझा अनुभव असा की त्यात मार्क पडणारी मुलंही बोलताना अडकतात, कारण आपण नक्की कशाची कशाशी तुलना करतोय हे त्यांना कुणी विचारलेलं नसतं. तो साचा एका ठिकाणी मात्र फार कामाचा आहे. ‘शी इज टॉलर दॅन एनी गर्ल इन हर क्लास.’ ती त्याच वर्गात बसते, म्हणजे ती स्वतःपेक्षाही उंच झाली! म्हणून ‘एनी अदर गर्ल’. मराठीत आपण ‘वर्गातल्या कुठल्याही मुलीपेक्षा उंच’ बिनधास्त म्हणतो आणि कुणाला खटकत नाही, इंग्रजीत तो ‘अदर’ गाळला की परीक्षेत मार्क जातो.

तुमचं पगाराचं वाक्य याच जातीचं आहे, आणि मुलाखतीत तेच सगळ्यांत जास्त महागात पडेल. ‘माझा पगार मित्रापेक्षा कमी आहे’ हे मराठीत चालतं. ऐकणारा मनातल्या मनात ‘मित्राच्या पगारापेक्षा’ असं भरून घेतो. इंग्रजीत लिहिलेलं तेवढंच वाचलं जातं. ‘माय सॅलरी इज लेस दॅन माय फ्रेंड’ म्हणजे एका पारड्यात पगार आणि दुसऱ्यात खुद्द मित्र. ‘दॅन माय फ्रेंड्ज’ म्हणा, शेवटी मालकीचा ‘एस’ लावून. त्याच्या मागचा ‘सॅलरी’ आपोआप समजला जातो. पगाराला इंग्रज ‘लोअर’ म्हणतो, तेही ‘लेस’पेक्षा शोभतं. ‘द समर ऑफ नागपूर इज हॉटर दॅन पुणे’ इथेही तेच. उन्हाळ्याची गाठ उन्हाळ्याशीच घालायची: ‘दॅन दॅट ऑफ पुणे’, किंवा सरळ ‘समर इज हॉटर इन नागपूर दॅन इन पुणे’. मी मुलांना एकच सांगते: ‘दॅन’च्या डावीकडे बोट ठेव, उजवीकडे बोट ठेव, दोन्हीकडे एकाच जातीची वस्तू आहे का बघ. हे बोट ठेवणं चार आठवडे केलं की पुढे आपोआप होतं.

याच जागी आणखी एक खड्डा आहे. ‘आई तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखते.’ आई मला जेवढं ओळखते त्यापेक्षा, की मी तुला जेवढं ओळखते त्यापेक्षा? मराठीतही दोन अर्थ निघतात. इंग्रजीत ‘दॅन आय डू’ म्हटलं की प्रश्न मिटतो. ‘दॅन मी’ की ‘दॅन आय’ यावर लोक भांडतात. बोलताना ‘दॅन मी’ अगदी चालतं, परीक्षेत ‘दॅन आय’ लिहा, आणि दोन अर्थ निघत असतील तर क्रियापद जोडून मोकळे व्हा.

आता नागपूरचं ऊन. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, तेव्हा पुण्याशी तुलना करताना तुम्हाला जोर लावावासा वाटणारच. पण ‘व्हेरी हॉटर’ नाही होत. दोष आपल्या ‘खूप’चा आहे. ‘नागपूर खूप गरम आहे’ आणि ‘नागपूर पुण्यापेक्षा खूप गरम आहे’, दोन्हीकडे आपला ‘खूप’ एकच. इंग्रजीनं हे काम दोघांत वाटून दिलंय. नुसत्या विशेषणापुढे ‘व्हेरी’, तुलनेच्या रूपापुढे ‘मच’ किंवा ‘फार’. व्हेरी हॉट, मच हॉटर. थोडासाच फरक असेल तर ‘अ लिटल हॉटर’. माझ्याकडची मुलं ही चूक ‘मोअर बेटर’पेक्षाही जास्त करतात आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष दिलं जातं.

‘दुप्पट’चाही असाच घोळ होतो. वर्धा रोडवरचा मेट्रोचा डबल डेकर पूल ३.१४ किलोमीटरचा, कामठी रोडवरचा साडेपाच किलोमीटरहून लांब. ‘जवळजवळ दुप्पट लांब’ म्हणताना मुलं ‘डबल लाँग दॅन’ लिहितात. पटीत बोलायचं असेल तर ‘दॅन’ बाजूला ठेवा आणि ‘ॲज-ॲज’ घ्या: ‘ऑलमोस्ट ट्वाइस ॲज लाँग ॲज’. ‘ॲज-ॲज’च्या मधला शब्द कायम साधा राहतो, ‘ॲज टॉलर ॲज’ कधीच नाही. आपल्या ‘एवढा’, ‘इतका’चं काम ही जोडी करते, आणि ‘मी त्याच्याएवढा उंच नाही’ हे ‘आय ॲम नॉट ॲज टॉल ॲज हिम’ होतं. ‘लेस टॉल’ ऐकायला अवघड वाटतं.

जिथे मराठीत ‘पेक्षा’ येतो तिथे दरवेळी ‘दॅन’ येतोच असंही नाही. ‘मला कॉफीपेक्षा चहा बरा वाटतो’ यात ‘प्रिफर’ वापरलं तर ‘टी टू कॉफी’. सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर यांनाही ‘टू’ लागतो. हे लॅटिनमधले तुलनेचेच शब्द आहेत, ‘सीनियर’चा मूळ अर्थच ‘अधिक वयाचा’. म्हणून ‘मोअर सीनियर दॅन मी’पेक्षा ‘सीनियर टू मी’ बरं. इथे मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण ‘सीनियर सिटिझन’ला ज्येष्ठ नागरिक म्हणतो. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ यांतला ‘इष्ठ’ हा संस्कृतातला ‘सर्वांत’ दाखवणारा प्रत्यय, आणि इंग्रजीतला ‘एस्ट’ त्याच्याच कुळातला. दोन्ही एकाच जुन्या भाषेतून खाली आले. म्हणजे विशेषणालाच खूण लावायची ही रीत आपल्या आजोळची आहे, मराठीनं ती सोडली आणि जुने शब्द तेवढे जपले. हे सांगितलं की मुलांचं ‘टॉलेस्ट’बद्दलचं परकेपण बरंच कमी होतं, असं मी पाहिलंय.

‘जितकं जास्त तितकं बरं’ हे तर आपल्याला सोपंच जायला हवं: ‘द मोअर, द बेटर’. ‘जितकं-तितकं’च्या जागी दोनदा ‘द’. हा ‘द’ नेहमीचा नाही, जुन्या इंग्रजीतल्या ‘तितक्यानं’ अशा अर्थाच्या रूपाचा तो अवशेष आहे. ‘द मोअर यू प्रॅक्टिस, द ईझियर इट गेट्स.’ फक्त दुसरा ‘द’ विसरू नका.

राहिला तुमचा भाऊ. इथे ‘बिगर’ची घडण अगदी बरोबर आहे, शब्द चुकलाय. आपला ‘मोठा’ वयालाही चालतो, आकारालाही, मानालाही. ‘बिगर’ ऐकून समोरच्याच्या डोळ्यापुढे धिप्पाड माणूस उभा राहतो आणि पुढचे ‘फोर इयर्स’ त्याला कुठे बसवावेत कळत नाही. वयासाठी ‘ओल्डर’: ‘माय ब्रदर इज फोर इयर्स ओल्डर दॅन मी.’ ‘एल्डर’ हवाच असेल तर नात्याच्या आधी लावा, ‘माय एल्डर ब्रदर’. ‘एल्डर दॅन’ मात्र लिहू नका.