रात्री बारानंतर मला कुणी काही बोलत नाही

जून उजाडला, शाळा-कॉलेजं सुरू झाली की माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच तक्रार वेगवेगळ्या आवाजांत ऐकू येते. “मॅडम, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागा असतो, सकाळी उठता उठत नाही.” कधी आई सांगते, कधी आजी. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता आणि उतावळेपणा हा त्रास असलेल्या मुलांचे पालक यात फार. त्यांचं पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: “गोळीनं अभ्यासात फरक पडलाय, पण झोपेची भानगड काही सुटत नाही.” यंदा एकाच आठवड्यात तीन घरांनी हे विचारलं, म्हणून एका मुलाची गोष्ट सांगते. त्याच्या आणि त्याच्या आईच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील बदलून. धाकटी बहीण त्याला दादा म्हणते, आपणही दादाच म्हणू.

दादा सतरा वर्षांचा, बारावीत. घर कोल्हापुरात, रंकाळा तलावापासून पाच मिनिटांवर. नऊ वर्षांचा असताना मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचं निदान केलं होतं. हुशार, बोलका, हातात सतत काहीतरी चाळा. पहिल्या भेटीत आईनं सगळा पाढा वाचला. रात्री दहापासून “झोप, झोप” करायचं. अकराला लाईट बंद. बाराला डोकावलं तर पांघरुणात मोबाईल. सकाळी सहापासून हाका. कॉलेज साडेआठचं आणि स्वारी पलंगावरून खाली उतरते आठ वाजून दहा मिनिटांनी. मग मोजा सापडत नाही, आयकार्ड सापडत नाही, डबा ओट्यावरच राहतो.

“मॅडम, हा मुद्दाम करतो,” आई म्हणाली. दादा खिडकीबाहेर बघत होता.

त्या दिवशी मी सगळे जे सांगतात तेच सांगितलं. झोपण्याआधी तासभर स्क्रीन नको, चारनंतर चहा-कॉफी नको, ठरावीक वेळी अंथरुणात. सल्ले चुकीचे नव्हते. पण पंधरा दिवसांनी मायलेक आले ते आणखी चिडून. दहाच्या ठोक्याला दादा अंथरुणावर पडत होता आणि दीड वाजेपर्यंत आढ्याकडे बघत होता.

यामागचं कारण प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवं. वयात येताना शरीराचं घड्याळ मुळातच पुढे सरकतं. झोपेची वेळ झाल्याचं शरीराला कळवणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं. एडीएचडी असलेल्या अनेक मुलांमध्ये हे आणखी उशिरा होतं, असं झोपेच्या अभ्यासांत वारंवार दिसलंय. तेरा ते अठरा या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते, ती गरज मात्र कमी होत नाही. म्हणजे रात्र उशिरा सुरू होते आणि कॉलेजची घंटा तिथंच राहते. अशा मुलाला दहा वाजता अंथरुणात घालणं म्हणजे भूक नसताना पानावर बसवणं. तो जेवत तर नाहीच, वर पानाचाच राग यायला लागतो. अंथरूण दिसलं की त्याला तळमळच आठवते.

तिसऱ्या भेटीत मी आईंना बाहेर बसायला सांगितलं. कोरा कागद समोर ठेवला आणि दादाला म्हटलं, “कालची रात्र मला सांग. क्रिकेटची कॉमेंट्री करतात तशी, एकेक बॉल.”

“साडेनऊला जेवलो. मग रील्स. दहाला आई म्हणाली झोप. मी म्हटलं पाच मिनिटं.”

“ती पाच मिनिटं किती वाजता संपली?”

“माहीत नाही.” थोड्या वेळानं, “खरंच माहीत नाही, मॅडम.”

तो खोटं बोलत नव्हता. एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली सांगतात की या मुलांना वेळ दिसत नाही, काळाच्या बाबतीत ती जणू आंधळी असतात. आपल्याला पाच मिनिटं आतून जाणवतात, त्यांना ‘आत्ता’ आणि ‘आत्ता नाही’ एवढंच जाणवतं.

“बरं, बारानंतर?”

“काही नाही. व्हिडिओ बघतो. कधी गॅलरीत उभा राहतो. समोरच्या मेडिकलचं शटर बंद असतं, कुत्री झोपलेली असतात.”

“त्यात एवढं काय आवडतं तुला?”

बोटाभोवती रबरबँड गुंडाळत तो बराच वेळ बसून राहिला. मी काही बोलले नाही. मग मान वर न करता म्हणाला, “रात्री बारानंतर मला कुणी काही बोलत नाही.”

मी पेन खाली ठेवलं. बावीस वर्षं या खुर्चीत बसते आहे, पण त्या वाक्यानं माझा प्रश्नच बदलून टाकला. याला झोपवायचं कसं, हे सगळे विचारत होते. झोपल्यानं त्याच्या हातून काय जातं, हे कुणीच विचारलं नव्हतं. त्या पोराच्या चोवीस तासांत दोनच तास असे होते की ज्यात तो कुणाचा गुन्हेगार नव्हता. ते दोन तास कोण सोडेल?

आईंना आत बोलावून एकच काम दिलं. एका दिवसात दादाला घरातून किती सूचना, आठवणी, टोमणे, ओरडणं होतं ते मोजायचं. काही बदलायचं नाही, नुसतं मोजायचं. स्वयंपाक आणि नोकरी सांभाळून ते त्यांना कुठलं जमायला! सातवीतल्या बहिणीनं मात्र ते अंगावर घेतलं. पुढच्या वेळी ती स्वतः गणिताची वही घेऊन आली. शेवटच्या पानावर पेन्सिलीनं उभ्या रेघा, पाच-पाचच्या जुड्या करून. सकाळी सहा ते रात्री अकरा, एक्केचाळीस रेघा. त्याखाली नीट अक्षरात ‘११ नंतर’ आणि पुढे शून्य.

आईंनी वही हातात घेतली. “एवढं?”

“मी फक्त मोठ्यानं बोललेलं धरलंय,” बहीण म्हणाली. “बाबांचं बघणं धरलं नाही.”

त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली ती मी मोडली नाही. दादानं पहिल्यांदा आईकडे बघितलं. आईंच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्या रडल्या नाहीत. पदरानं वहीचं पान पुसल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, “मी त्याला उठवत होते हो.”

त्यांची चूक दाखवायची माझी इच्छा नव्हती. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीत घडलेली आहे. एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेलं सूत्र मराठीत एका अक्षरात सांगता येतं: ‘च’. ‘मुलानं वेळेवर उठावं’ ही इच्छा झाली. ‘उठलंच पाहिजे, नाहीतर आई म्हणून मी हरले’ हा हट्ट झाला. इच्छा असली की माणूस उपाय शोधतो, हट्ट असला की आवाज चढतो. आईंच्या एक्केचाळीस रेघांमागे असा एक ‘च’ होता. आणि दादाच्या मनात त्याचा जुळा भाऊ: ‘मला जमणारच नाही’. दोघांनी आपापला ‘च’ ओळखला, मग पुढचं काम हलकं झालं.

सुरुवातीला रात्रीला आम्ही हातच लावला नाही. झोपेची वेळ कुणाच्या सांगण्यानं येत नाही, उठण्याची वेळ ठरवता येते. पावणेआठपासून सुरुवात केली, दर चार दिवसांनी पंधरा मिनिटं मागे, साडेसहापर्यंत. वीस दिवस लागले. रविवारीही फार तर एक तासाची सूट. रविवारी अकरापर्यंत झोपलेल्या मुलाचं घड्याळ सोमवारी परदेशातून आल्यासारखं वागतं. दुपारी डोळा लागलाच तर वीस मिनिटं, पाचच्या आत.

उठायचं, पण कशासाठी? ‘आयुष्यात पुढे जायला’ हे उत्तर एडीएचडीच्या मेंदूला सकाळी साडेसहाला ऐकूच येत नाही. त्याला हातात येणारं काहीतरी लागतं. घरात पहाटे पाचला उठणारे आजोबा होते. त्यांना मी एकच अट घातली: अभ्यासाचं अवाक्षर नाही. आजोबांनी ती अट अशी पाळली की बस्स. रंकाळ्यावर चालताना खासबाग मैदानातल्या कुस्त्या, कुणी कुणाला कुठल्या डावावर चीत केलं ते. परतताना गंगावेशेत धारोष्ण दूध. दादा दुधासाठी उठायला लागला, मग गोष्टीसाठी. मला हवा होता तो उजेड. उजेड लक्समध्ये मोजतात; घरातल्या ट्यूबलाईटचा उजेड दोन-तीनशे लक्स असतो, उघड्यावर ढगाळ दिवसाही तो हजारांच्या घरात जातो. सकाळी डोळ्यांवर पडलेला तो उजेड शरीराचं घड्याळ मागे ओढतो, आणि त्या रात्री झोप थोडी लवकर येते. रंकाळा नसेल तर गच्ची चालेल, गॅलरी चालेल. रोज, अर्धा तास, बंद खिडकीआड नव्हे.

दुसरी गोष्ट आईंना सगळ्यांत अवघड गेली. रात्री नऊ ते दहा दादाला कुणी काही बोलायचं नाही. काहीही नाही.

“मग तो तासभर मोबाईलच बघेल.”

“बघू दे.”

बारानंतरचं जे सुख होतं ते आम्ही नऊला आणून ठेवलं. मोबाईल दहाला हॉलमध्ये चार्जिंगला जाईल, हे दादानंच ठरवलं, गजरही त्याचाच. तरी पहिले काही दिवस अडलं. रील्स संपत नाहीत, आणि थांबणं हीच तर या मुलांची अडचण. म्हणून शेवटी अशी गोष्ट हवी जिला स्वतःचा शेवट आहे. भावंडांनी कॅरम काढला. सोंगट्या संपल्या की डाव संपतो, “बंद कर” म्हणायला कुणी लागत नाही.

तिसरं म्हणजे आईंच्या सूचना वस्तूंना वाटून दिल्या. बार्कलींचा आणखी एक मुद्दा मी प्रत्येक घरात सांगते: मदत जिथं काम अडतं तिथंच हवी, त्या क्षणी हवी. दाराजवळ एक टोपली आली. आयकार्ड, किल्ली, मोजे, बसचे पैसे रात्रीच तिच्यात. न्हाणीच्या दारासमोर काट्यांचं मोठं घड्याळ. काटा सरकताना वेळ संपताना दिसते, मोबाईलवरच्या आकड्यांत ती दिसत नाही. आई डबा चपलांशेजारी ठेवायला लागल्या. सासूबाईंना ते रुचलं नाही, पण डबा राहायचा बंद झाला.

औषधाबद्दल थोडं, कारण इथं घरोघरी घोळ होतो. दादाची एडीएचडीवरची मिथाइलफेनिडेटची गोळी सकाळची. पण उशिरा उठलेल्या दिवशी ती अकराला, साडेअकराला घेतली जायची आणि तिचा परिणाम संध्याकाळच्याही पुढे जायचा. त्या रात्री झोप येणार कशी? आईंनी मानसोपचारतज्ज्ञांना हे सांगितलं, त्यांनी गोळीची वेळ आणि चुकली तर काय करायचं ते लिहून दिलं. हे आपल्या मनानं करू नका. दुकानातून मेलाटोनिन आणून देणंही नको. मूल घोरत असेल, पाय सतत ओढत-झाडत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. घशातल्या वाढलेल्या गाठी (टॉन्सिल) किंवा अंगातलं कमी लोह यांमुळेही झोप मोडते, आणि दिवसाची चंचलता वाढते. ती घरात ‘स्वभाव’ म्हणून खपून जाते.

दोन महिन्यांनी दादा पावणेअकराच्या सुमाराला झोपत होता, साडेसहाला उठत होता. आठ तास अजून भरत नव्हते. बहिणीनं पुन्हा एक दिवस मोजलं, नऊ रेघा. त्यातल्या दोन तिच्याच होत्या, कॅरमवरून.

डिसेंबरात पूर्वपरीक्षेत घडी विस्कटली. सलग तीन रात्री दोन वाजले. आईंचा फोन आला, आवाज घट्ट. “बोलू का मी त्याला?”

“चार दिवस थांबा,” मी म्हटलं. “टोपली भरलेली असू दे, नऊचा तास असू दे.” अशा वेळी पालकांना वाटतं, सगळं पाण्यात गेलं. पण एकदा बसलेली सवय मोडली तरी पुसली जात नाही, तिच्याकडे परतायची वाट माहीत झालेली असते. फक्त त्या वाटेवर पुन्हा एक्केचाळीस रेघा उभ्या करायच्या नाहीत.

पाचव्या दिवशी आईंनी सांगितलं ते असं. सकाळी सव्वासहा, थंडी. आजोबाच अंगावर रग ओढून पडलेले. दादा स्वेटर घालून त्यांच्या पलंगापाशी उभा होता आणि हळूच हलवत म्हणत होता, “आजोबा, चला की. उशीर होतोय.”