‘सेवक’, ‘दास’ आणि ‘लीन’

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना सांगतो, की मोठा होऊ पाहणाऱ्याने ‘सेवक’ व्हावे आणि पहिला होऊ पाहणाऱ्याने ‘सर्वांचा दास’. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का, आणि ‘सर्व्हंट लीडरशिप’ला, म्हणजे सेवक होऊन केलेल्या नेतृत्वाला, ‘सेवाभावी नेतृत्व’ म्हटले तर चालेल का, असा प्रश्न आला आहे.

एकाच अर्थाचे नाहीत. मूळ ग्रीकमध्येच (१०:४३-४४) शब्द वेगळे आहेत आणि दुसरा पहिल्याच्या एक पायरी खाली उतरतो. ‘दिआकोनोस’ म्हणजे हाताखालचा, पंगतीत वाढणारा माणूस. चर्चमधला ‘डीकन’ यातूनच आला. ‘दूलोस’ म्हणजे मालकाच्या ताब्यातला गुलाम. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या जागा मागतात, बाकीचे दहा जण त्यांच्यावर चिडतात, तेव्हाचे हे बोलणे आहे. मानाची जागा मागितली, तर उत्तरात आधी वाढप्याची आणि मग गुलामाची जागा दाखवली.

मराठीत हा धक्का नीट बसत नाही, याचे कारण ‘दास’ हा शब्द. भक्तिपरंपरेने तो उजळून टाकला आहे. रामदास, तुलसीदास ही नावे आपण आदराने घेतो. दास म्हटले की आपली नजर वर, देवाकडे जाते. बायबलमधल्याच रोमकरांस पत्राच्या आरंभी प्रेषित पौल स्वतःला ख्रिस्ताचा दास म्हणवतो, तिथे ही छटा सुरेख जुळते. ‘सर्वांचा दास’ मध्ये मात्र धनी देव नाही, शेजारी बसलेला माणूस आहे. कदाचित कालच आपल्याशी भांडलेला. ही ओळ वाचताना मनात एकदा ‘गुलाम’ घालून पाहा. तरी छापील भाषांतरात ‘दास’च असावा असे मला वाटते. फिलिप्पैकरांस पत्रात (२:७) येशूने ‘दासाचे’ रूप घेतले असे येते. तिथेही ‘दूलोस’च आहे, आणि तो दुवा तुटता कामा नये.

लगेच पुढे येणारे ‘सेवा करून घ्यायला नाही, तर सेवा करायला’ हे मराठी मला फार आवडते. ग्रीकमध्ये साधा कर्मणी प्रयोग आहे. आपल्या ‘करून घेणे’ मध्ये घेणाऱ्याची इच्छा आणि त्याचा हक्कही आपोआप दिसतो.

याच अनुषंगाने ‘लीन’. मत्तयाच्या शुभवर्तमानात (११:२९) येशू स्वतःला सौम्य व लीन म्हणतो. ‘नम्र’ म्हणजे वाकलेला, धातू नम्. तो आता पत्राच्या शेवटी ‘आपला नम्र’ इतका औपचारिक झाला आहे. वाकणे दाखवण्यापुरतेही असू शकते. ‘लीन’ ली धातूतला, विलीन आणि तल्लीन यांचा सख्खा भाऊ. त्यात विरघळणे आहे. ‘लीन’साठीच्या मूळ ग्रीक ‘तापेइनोस’ मध्ये मात्र खालच्या पातळीवर असणे आहे, आणि ख्रिस्ती वापराआधी ग्रीकमध्ये तो बहुधा हिणवण्याचाच शब्द होता, आपल्या ‘नीच’सारखा. नीच शब्द असा उचलून घेणे मराठीला परके नाही: ‘नीचपण बरवें देवा’ हे तुकोबांचेच.

आता ‘सेवाभावी’. तो स्वभाव सांगतो, जागा सांगत नाही. सेवाभावी माणूस उंच आसनावर बसूनही सेवाभावी राहू शकतो. ‘सेवक-नेतृत्व’ हा समास सेवकांचे नेतृत्व असाही सुटतो, म्हणून मी ‘सेवक-नेता’ घेईन: जो सेवक तोच नेता, सरळ कर्मधारय. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात शिष्यांचे पाय धुतल्यावर येशू म्हणतो, तुम्ही मला गुरू आणि प्रभू म्हणता ते बरोबरच आहे. गुरुपण त्याने नाकारले नाही, आणि कमरेला गुंडाळलेल्या रुमालाने पायही त्यानेच पुसले. समासातली दोन्ही पदे एकाच माणसाची आहेत.