अकॅडमीत टाकण्याआधी घरातली संध्याकाळ बघा

घाटंजी तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगा पंधरा वर्षांचा, यंदा दहावीत. सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चांगला होता. आठवीला एसटीने तालुक्याच्या शाळेत जायला लागला आणि बिघडला. तंबाखू-सुपारीचा खर्रा खातो, उलट बोलतो, नववीला ४१ टक्के. 'पट्ट्यानं मारलं तरी फरक नाही. पोलीस भरतीच्या निवासी अकॅडमीत टाकू का? तिथं सरळ होईल.'

भाऊ, ४१ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही. पट्ट्याचं वाटलं. आणि एका ओळीपाशी थांबलो, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: 'आई बैलांना पाणी पाज म्हणते, हा ओरडतो, मग तीच पाजते.'

ओरडलं की काम टळतं, हे पोराला कळलं. माघार घेतली की घर शांत होतं, हे आईला कळलं. रात्री तुम्ही मारता, तो गप्प बसतो; मारलं की भागतं, हे तुम्हाला कळलं. तिघांचीही तेवढ्यापुरती सुटका होते, म्हणून उद्या तिघंही तेच करतात. फक्त आवाज चढत जातो. जेराल्ड पॅटरसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने घराघरांतलं असं बोलणं-वागणं बारकाईने नोंदवून हेच चक्र दाखवलं होतं.

ते तोडायचं तर रोज एकच काम त्याच्याकडे द्या. जवळ जाऊन, एकदाच, एका वाक्यात सांगा: 'सहाच्या आत बैलांना पाणी.' मागे लागू नका. केलं तर लगेच, त्या कामाचं नाव घेऊन बरं म्हणा. नाही केलं तर त्या संध्याकाळचा मोबाइल बंद, सकाळी परत. 'महिनाभर मोबाइल नाही' म्हणाल, तर तिसऱ्या दिवशी तुम्हीच द्याल आणि तुमच्या शब्दाची किंमत जाईल. बैल मात्र तहानलेले ठेवू नका; पाणी तुम्ही पाजा, मोबाइल तरीही बंदच. पहिले काही दिवस तो जास्त आदळआपट करेल. त्यात वाकलात, तर पुढच्या वेळी तेवढीच आदळआपट करायची, एवढंच तो शिकेल.

आता अकॅडमी. पोलीस शिपाई भरतीला बारावी पास आणि १८ वर्षं पूर्ण लागतात. पंधराव्या वर्षी तिथं कसली तयारी? कडक जागी पोरं सरळ होतात, हा समज तर फारच महागात पडतो. अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये टॉम डिशन या मानसशास्त्रज्ञाने वांड मुलांचे गट करून त्यांना स्वतःवर ताबा ठेवायला शिकवलं. पुढे पाहिलं तर गटातल्या मुलांचं तंबाखू ओढणं वाढलेलं. एकाने बढाई मारायची, बाकीच्यांनी हसायचं. त्या हसण्यापुढे मास्तरची शिस्त काय टिकणार? घरच्यांनी 'सरळ करायला' आणून सोडलेली पोरंच जिथं एका खोलीत राहतात, तिथं तुमच्या मुलाला खर्ऱ्यापुढचंही शिकायला मिळेल.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. त्रास आठवीत सुरू झाला, चौथ्या-पाचव्या वर्षी नाही. वयात येताना असं वागू लागलेली बहुतेक मुलं विशी-पंचविशीपर्यंत त्यातून बाहेर येतात. अडकतात ती शाळा सुटल्यामुळे, व्यसनामुळे किंवा पोलीस केसमुळे. तेव्हा शाळा सोडवू नका. पाचला शाळा सुटते, तर सातपर्यंत तो कोणत्या पानठेल्यावर आणि कोणाबरोबर असतो, ते विचारा. चौकशीच्या सुरात नको, चहा घेता घेता. आणि पाचवीच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला द्या. अडखळला, तर शाळेत बोलून अध्ययन अक्षमतेची, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन-लेखन जड जाण्याची, तपासणी करून घ्या. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो.

दहावीत दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावी होते, पास झाला तर आयटीआय आहेच. त्याची घाई नको.

पट्टा आजपासून बंद. फवारणीचं औषध कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याजवळ. तो मरणाची भाषा बोलला, घरातून पळाला किंवा जनावरांना मुद्दाम इजा करू लागला, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही लागतो.