मांडवीवर पहिल्यांदा पोकरला बसताना

मित्रा, पणजीला मांडवीतल्या कॅसिनो-जहाजावर पहिल्यांदा लाइव्ह पोकर खेळणार आहेस, तर पत्त्यांइतकंच माणसांकडेही लक्ष दे. एका टेबलाला आठ-नऊ जण तासन्‌तास खेटून बसतात. हेडफोन काढून ठेव, शेजाऱ्याशी दोन शब्द बोल. नवा आहेस हे डीलरला सरळ सांग, तो सांभाळून घेतो.

स्लो-रोल, म्हणजे जिंकणारे पत्ते मुद्दाम उशिरा दाखवणं, मात्र कधीही करू नकोस. एकदा समोरच्या काकांनी फ्लश दाखवला, पैशांच्या चिप्स ओढायला हात पुढे केला, आणि तेव्हा कुठे एका पोराने सावकाश त्याहून वरचढ फुल हाउस उलटलं. काकांचा हात तसाच टेबलावर राहिला. पुढे बराच वेळ कुणी बोललं नाही. मला आजही ते आठवून वाईट वाटतं. जिंकणारे पत्ते असतील तर लगेच दाखव.

पत्ते टाकून डाव सोडलास की त्या डावाबद्दल चकार शब्द नको. ‘अरेरे, मी राजाच टाकला!’ एवढ्यानेही एक राजा गेल्याचं सगळ्यांना कळतं आणि अजून खेळणाऱ्यांपैकी एकाचं नुकसान होतं.

हरलेल्याला त्याची चूक समजावायला जाऊ नकोस. त्याचे पैसे नुकतेच गेलेत रे. ‘छान खेळलात’ म्हण आणि पुढचे पत्ते घे.