आरसा आधी, कपडे नंतर

प्रिय पोरी,

दर रविवारी समाजमंदिरात बसून मुलाखतीला, कार्यक्रमाला निघालेल्यांना कपड्यांची मदत करायची, तीही फुकट, असं तू ठरवलंस. करच. "ही आता लोकांना नटवायला लागली" असं गावात कोणीतरी म्हणेलच, त्याची तयारी ठेव. खरं तर नटवायचं नाहीच आहे. चार लोकांसमोर बोलताना माणसाचा हात सारखा कॉलरकडे, पदराकडे, पँटच्या कमरेकडे जाऊ नये, एवढंच तुझं काम.

पहिली खरेदी आरशाची. घरोघरी भिंतीवर दाढीपुरता नाहीतर कुंकवापुरता आरसा असतो. पाठीमागे शर्ट कसा फुगलाय, साडी एका बाजूने किती वर गेलीय, हे त्यात दिसायचं कसं? अख्खा माणूस दिसायला त्याच्या उंचीच्या निम्मा आरसा पुरतो. साडेपाच फुटी माणसाला ३३ इंच, फक्त वरची कड डोळे आणि टाळू यांच्या मधोमध यायला हवी. बुटके-उंच सगळेच येणार, म्हणून ४ फुटी घे आणि सरळ उभा ठोक. नुसता तिरका टेकवला की अंदाज चुकतो.

माणूस आला की आधी तीन गोष्टी विचार: कुठे जायचं, कशाने जायचं, तिथे किती वेळ. पहाटेच्या एसटीने तीन तास नागपूर गाठणाऱ्या पोराला निव्वळ सुती शर्ट दिलास तर तो पोचेपर्यंत चुरगळलेला असेल. निव्वळ पॉलिस्टर दिलास तर मे महिन्यात ४५ अंशांत घामाचा वास धरेल. सुती-पॉलिस्टर मिश्रण बरं. रंग पांढरा, गर्द निळा किंवा बारीक चौकडीचा. फिकट करडा आणि आकाशी टाळ, काखेतला ओला डाग त्यावर सगळ्यात आधी दिसतो. आतून बाह्यांचं सुती बनियन हवंच. इस्त्री आदल्या दिवशी दुपारीच उरकायची, रात्री लाइट राहील याचा भरवसा नाही. शर्ट पिशवीत जुन्या धुतलेल्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून न्यायचा. वर्तमानपत्रात नको, शाई उतरते. बसमध्ये टी-शर्ट घालायचा, शर्ट बसमधून उतरल्यावर.

टेप लावण्याआधी विचारायचं. मुलग्यांची मापं एखाद्या मुलाकडून घे. आकडा मोठ्याने म्हणू नकोस, वहीत लिही. अख्ख्या समाजमंदिराने कोणाच्या कमरेचा घेर ऐकायची गरज नाही.

शर्टात खांदा सोडून बाकी बहुतेक सगळं सुधारता येतं. खांद्याच्या टोकाचं हाड बोटाने दाबून शोध, शिवण नेमकी तिथे हवी. ती इंचभर खाली लोंबत असेल तर तो शर्ट बाजूला ठेव, दुरुस्तीत पैसे घालू नकोस. कॉलरचं बटण लावून आत दोन बोटं सहज जायला हवीत. अंगात ढगळ असेल तर दोन्ही कुशीतून दाबून घेता येतो, बाही मनगटाच्या हाडापर्यंत आखूड करता येते. लेबलवरच्या नंबरावर जाऊ नकोस: काही शर्टांवर तो छातीचा असतो, इंचात; काहींवर कॉलरचा, सेंटिमीटरमध्ये.

पँट कमरेत दोन इंचांपर्यंतच दाबायची. त्यापुढे मागचे खिसे एकमेकांना भिडायला लागतात. उंची नेहमी बूट घालून पाहा. जुनी पँट लांब करायला मोरी, म्हणजे पायाशी आत दुमडून शिवलेली कड, उसवलीस तर घडीची फिकट रेघ राहते आणि ती इस्त्रीने जात नाही. म्हणून दान आलेल्या कपड्यांत लांब पँट आधी उचल, आखूड मागे ठेव.

बायांचं काम जास्त बारकाईचं, आणि तिथेच सगळ्यांत जास्त चुका होतात. समज, नवीन सरपंचबाई १५ ऑगस्टला झेंडावंदन करणार आहेत. सगळे साडीचा रंग ठरवत बसतात. तू ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो बगलेभोवतीचा घेर, बघ. दोर ओढायला हात वर गेला की ब्लाउज अख्खा वर सरकतो, आणि बाई दुसऱ्या हाताने तो खाली ओढत राहतात. मुंढा खाली उतरलेला असला की असं होतं. आत दाब, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, शिल्लक नसेल तर बगलेत शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा जोडून घे, हात मोकळा होतो. निऱ्या पाच-सहाच, पिन आतून. पदराची पिन खांद्यावर ब्लाउजसकट लाव, नुसत्या साडीला लावलीस तर काठ फाटतो. पावसाळा आहे, काळी माती चिकटते, तेव्हा साडी घोट्याच्या जरा वर. नवीन फॉल लावत असशील तर तो आधी रात्रभर भिजवून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतो आणि काठाला चुण्या पडतात. मग बाईंना दोनदा हात वर करून, एकदा खुर्चीवर बसवून बघ.

एक नाजूक गोष्ट. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत पाण्यातल्या फ्लोराइडमुळे लहानपणीच दातांवर तपकिरी डाग पडतात. असा मुलगा हसताना तोंडावर हात नेतो. त्याला "खर्रा (तंबाखू-सुपारी) सोड" म्हणून सुनावू नकोस, तो खात असेलच असं नाही. कोळसा-मीठ घासायलाही सांगू नकोस. डाग जात नाहीत, दात मात्र झिजतात. विचारलंच तर दातांच्या डॉक्टरकडे पाठव, नाहीतर तो विषय काढूच नकोस. सावळा रंग, जाडी, उंची यांबद्दलही तेच.

दान आलेले कपडे धुऊन, बटणं लावून, इस्त्री करूनच मांड आणि प्रत्येकासमोर तीन ठेव. निवड त्याची. तुला निळा आवडला आणि त्याने चौकडीचा उचलला तर निळा मुकाट्याने घडी घालून ठेव. फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा मोह होईल. टाकू नकोस, कोणाचाच. दान घेतलेला शर्ट ज्याचा होता तोही त्याच ग्रुपवर असतो.

सुरुवातीला एका रविवारी दोघेच बोलाव, एकेकाला तास लागतो. आणि एप्रिल-मेच्या लग्नसराईत टेलर तुझ्या उसवाउसवीला हात लावणार नाही. तोवर मोरीची तुरपाई नि बटण तरी स्वतःला यायला हवं. तुरपाईला धागा एकेरी घे, गाठ घडीच्या आत लपव, आणि टाका ओढून घट्ट करू नकोस, बाहेरून खड्डे दिसतात.