एमएक्स-५ ला १५×९ रिम आणि २२५ टायर बसवताना

प्रश्न असा आहे: दुसऱ्या पिढीची माझदा एमएक्स-५, त्यावर कंपनीचे १५×६ (१५ इंच व्यास, ६ इंच रुंदी) ईटी ४० रिम आणि १९५/५० आर१५ टायर (१९५ मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या ५० टक्के, १५ इंची रिमसाठी). गाडी ट्रॅकपुरतीच वापरायची, उंची थोडी खाली आणलेली. आता १५×९ रिमवर २२५/४५ आर१५ टाकायचे आहेत. ऑफसेट (म्हणजे ईटी: चाक हबला जिथे टेकतं ती बैठक रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे) कोणता घ्यायचा, मडगार्ड कापावं लागेल का, आणि जुळलं नाही तर स्पेसर (हब आणि रिममधली चकती) घालून भागेल का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. ईटी ३६ च्या आसपासचे रिम घ्या. मडगार्डची आतली कड वळवावी लागेल, कापायची वेळ सहसा येत नाही. स्पेसर लागतोय असं दिसलं तर निवडलेला रिमच चुकलाय असं समजा. आणि पुढचा कॅम्बर (चाकाचा उभा कल; उणे म्हणजे डोकं आत) उणे अडीच अंशांपर्यंत न्यायची तयारी नसेल, तर २२५ वर पैसे घालूच नका. १५×८ आणि २०५/५० त्या गाडीला जास्त शोभेल.

ऑफसेटचं गणित कागदावर करून बघा, दोन मिनिटांचं काम आहे. रिमची निम्मी रुंदी मिलीमीटरमध्ये काढायची. त्यातून ईटी वजा केला की हबच्या बैठकीपासून रिम बाहेर किती येतो ते कळतं. ईटी मिळवला की आत किती जातो ते कळतं. तुमचा ६ इंची रिम: निम्मी रुंदी ७६, म्हणजे बाहेर ३६ आणि आत ११६. १५×९ ईटी ३६: निम्मी रुंदी ११४, बाहेर ७८ आणि आत १५०. म्हणजे रिम बाहेर ४२ आणि आत ३४ मिमी सरकला. आता १५×८ ईटी २५ काढा: बाहेर ७७, आत १२७. बाहेरची बाजू दोघांची जवळपास एकच! ९ इंची रिमचा जास्तीचा एक इंच जवळजवळ सगळा आत जातो. म्हणून '८ इंची बसला, तर ९ पण बसेल' हे फक्त मडगार्डच्या बाबतीत खरं. आतल्या बाजूला सुमारे २४ मिमी वेगळे शोधावे लागतात.

पण मडगार्डला घासतो तो टायर, रिम नव्हे, आणि टायरचा हिशोब वेगळा निघतो. टायरवरची रुंदी ठरावीक मापाच्या रिमवर मोजलेली असते. २२५/४५ साठी ते माप साडेसात इंच. रिम अर्धा इंच रुंद झाला की टायर साधारण ५ मिमी फुगतो. साडेसातवरून नऊवर गेलात म्हणजे १५ मिमी, तेव्हा २२५ चा टायर प्रत्यक्षात २४० च्या घरात. तुमचा १९५ त्याच्या ६ इंची रिमवर २०० च्या आसपास भरतो. आता तेच गणित टायरवर लावा: बाहेर ६० चे ८४, आत १४० चे १५६. म्हणजे टायर बाहेर साधारण २४ आणि आत १६ मिमी सरकतो. मडगार्ड आणि आतल्या चॅसिसच्या बाजूसाठी हे आकडे वापरा. खालचा बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा गोल सांधा), टाय रॉडचं (चाक वळवणाऱ्या स्टेअरिंगच्या दांड्याचं) टोक आणि नकल (हब धरणारा भाग) यांच्यासाठी मात्र रिमचेच, कारण तिथे रिमची कड जवळ येते. शिवाय एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर १० मिमीनेही वेगळे भरू शकतात, आणि ट्रॅकच्या टायरचे खांदे चौकोनी असतात. टायर ठरला की त्याच्या तक्त्यातली प्रत्यक्ष रुंदी आणि ती कोणत्या रिमवर मोजली ते बघा. त्याच तक्त्यात चालणाऱ्या रिमची मर्यादाही असते. २२५/४५ ला बऱ्याचदा ती ७ ते ८.५ लिहिलेली दिसते, म्हणजे ९ इंच तिच्या बाहेर. ट्रॅकसाठी बनवलेल्या काही टायरना ९ चालतो. लिहिलं नसेल तर दुसरा टायर बघा.

व्यासाची काळजी नको. १९५/५० चा ५७६ मिमी, २२५/४५ चा साधारण ५८४. फरक सव्वा टक्क्याचा. गिअरिंग तेवढंच लांब होतं आणि स्पीडोमीटर तेवढा कमी दाखवतो.

रिम घेताना चार गोष्टी जुळल्याच पाहिजेत: पीसीडी ४×१०० (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार स्टड), हबचा मधला गोल ५४.१ मिमी, स्टड (नट ज्यावर बसतो तो बोल्ट) एम१२×१.५, म्हणजे १२ मिमी जाड आणि दर फेऱ्याला १.५ मिमी, आणि नटची बैठक रिमच्या बैठकीशी मिळणारी (बहुतेक आफ्टरमार्केट रिमना ६० अंशांचा शंकू). रिमचं भोक मोठं असेल तर ५४.१ ची सेंटर रिंग घाला. ट्रॅकवर ब्रेक तापतात, तेव्हा प्लास्टिकपेक्षा अ‍ॅल्युमिनियमची बरी. पाचवी गोष्ट लोक विसरतात: कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग). दोन रिमचा ईटी एकच असला तरी आऱ्यांचा बाक वेगळा असतो. ब्रेक मोठे केले असतील तर कॅलिपरचा कागदी साचा कापून रिमच्या आत धरून बघा, आणि बॅलन्सचं चिकटवजन नेमकं कॅलिपरसमोर येत नाही ना तेही.

आता बसवून बघणं. चारही रिमवर टायर चढवायच्या आधी एकच चाक तयार करा, म्हणजे बाकीचे परत करायची सोय राहते. गाडी जॅकस्टँडवर घ्या, एका कोपऱ्याची स्प्रिंग काढा आणि शॉकअ‍ॅब्सॉर्बर बंप स्टॉपसकट (चाक पूर्ण वर गेल्यावर अडवणारा रबर) परत बसवा. चाक लावून खालच्या आर्मखालून जॅकने हळूहळू वर न्या. बॉडी स्टँडवरून सुटायच्या बेतात आली की थांबा. पुढे असाल तर दर २० मिमीला स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. चाकाबरोबर हलणाऱ्या भागांपासून, म्हणजे नकल आणि बॉल जॉइंटपासून, ५ मिमी पुरतात. न हलणाऱ्या भागांपासून १० मिमी ठेवा, कारण वळणात टायर आणि बुश दोन्ही वाकतात आणि बंप स्टॉपही जॅकवर दिसला त्यापेक्षा जास्त दबतो. फट बोटाने चाचपून ठरवू नका. मातीचा किंवा प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवा, चाक फिरवा आणि दबलेली जाडी मोजा.

हे सगळं सध्याच्या कॅम्बरवर नव्हे, तर शेवटी जो कॅम्बर ठेवणार त्यावर करायचं. सरळ उभ्या चाकावर मोजलं तर मडगार्ड घासतोय असं वाटेल. एमएक्स-५ ला चारही कोपऱ्यांत डबल विशबोन (चाक धरणारे वर-खाली दोन आर्म) आहे, चाक वर जाताना त्याचं डोकं आत झुकतं, आणि म्हणूनच हे माप बसतं. मॅकफर्सन स्ट्रटच्या (वरच्या आर्मऐवजी उभा शॉक आणि स्प्रिंग) छोट्या हॅचबॅकवर हाच हिशोब चालत नाही: तिथे चाक वर जाताना फारसं झुकत नाही आणि आत स्ट्रटची नळी किंवा स्प्रिंगची बैठक आधी आडवी येते.

घासणाऱ्या जागा ठरलेल्या. पुढे मडगार्ड आणि बंपर जुळतात तिथली आतली पट्टी आणि लायनरचे (मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकचे) स्क्रू. मागे मडगार्डची आतली कड. पूर्ण स्टेअरिंगला टायर आत अँटीरोल बारजवळ (वळणात गाडीचा कल रोखणारी सळई) जाऊ शकतो. ट्रॅकवर एवढं स्टेअरिंग लागत नाही, पिटमध्ये गाडी वळवताना मात्र आवाज येईल. तो त्रास नको असेल तर स्टेअरिंग जिथे अडतं त्या स्टॉपला पातळ शिम (चकती) घाला.

कड वळवायला हबला बसणारा रोलर आणि हीट गन लागते. रंग हाताला चटका बसेल इतका, ५० ते ६० अंश, तापवा आणि एका दमात वळवू नका. तीन-चार फेऱ्यांत, दर फेरीला थोडं. थंड पत्र्यावर घाई केली की रंगाला केसांसारख्या भेगा पडतात. मागची कड दोन पत्र्यांची असते, वळवताना जोड उघडतो. तिथे सीम सीलर आणि रंग लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका, नाहीतर पाणी शिरून आतून गंज धरेल आणि तो दिसेपर्यंत उशीर झालेला असेल.

स्पेसरबद्दल. सुटी चकती घातली की नट तेवढे कमी आटे धरतो. एम१२×१.५ ला किमान १२ मिमी, म्हणजे आठ पूर्ण फेरे मिळालेच पाहिजेत. ५ मिमीपुढे लांब स्टड नक्की घाला, आणि चकती हबच्या गोलावर नीट बसणारीच घ्या. शिवाय चाक बाहेर सरकलं की स्क्रब रेडियस (चाक वळतं तो अक्ष जमिनीला जिथे भिडतो, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर) वाढतो: ब्रेक मारताना स्टेअरिंग ओढतं, आणि बेअरिंगवर भार वाढतो.

मग अलाइनमेंट, तेही उंची ठरल्यानंतरच, कारण उंची बदलली की टो (वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत ते) बदलतो. सुरुवातीला पुढे कॅम्बर उणे २.५ ते ३, मागे अर्ध्या अंशाने कमी. पुढचा टो शून्य, मागचा एकूण दीड-दोन मिमी आत. कॅम्बर दोन्हीकडे सारखा करून उरलेलं समायोजन कॅस्टरला (चाक वळतं त्या अक्षाचा मागे कल) द्या. गरम झालेल्या टायरचं प्रेशर २८ ते ३२ पीएसआयच्या दरम्यान ठेवून पहिली फेरी करा आणि लगेच टायरचं तापमान आत-मध्य-बाहेर असं तीन ठिकाणी मोजा. बाहेरची बाजू जास्त तापली तर कॅम्बर कमी आहे, मध्य जास्त तापला तर हवा जास्त आहे.

एवढ्या हलक्या गाडीला रुंद टायर तापायला वेळ लागतो. पहिल्या दोन फेऱ्यांत १९५ पेक्षा पकड कमी वाटली तर घाबरू नका. साचलेल्या पाण्यावर मात्र २२५ लवकर तरंगतो. ओल्या दिवसासाठी जुने चार रिम ठेवून द्या.

नट टॉर्क रेंचनेच, ८८ ते ११८ न्यूटन-मीटरमध्ये, चाक हवेत असताना आडवेतिडवे लावून आणि शेवटचा टॉर्क चाक जमिनीला टेकवून. पहिल्या सेशननंतर चाकं गार झाली की पुन्हा तपासा. रुंद, चिकट टायरचा खरा मार पुढच्या हब बेअरिंगवर बसतो. ते बंद असतात, ग्रीस भरता येत नाही. दर ट्रॅक दिवसानंतर चाक उचलून वर-खाली धरून हलवा. खडखड जाणवली किंवा फिरवताना घर्रर्र झालं तर सगळा हब बदला. स्टडचे आटे ओढलेले दिसले किंवा नट हाताने सुरळीत फिरेनासा झाला, तर तो एकटा स्टड बदलून थांबू नका, त्या हबचे चारही बदला.