रेकॉर्ड का भरली, ते आधी विचारा

प्रश्न : आमच्या नौपाड्यातल्या संगीतप्रेमी मंडळाला एचएमव्हीच्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या) रेकॉर्डवरील मराठी गाण्यांचा दोन सीडींचा संच काढायचा आहे. सभासदांनी सुचवलेली गाणी शंभरावर गेली आहेत. काहींना सर्वांच्या ओठांवरची गाणी हवीत, तर काहींना कुठेच न मिळणारी. निवड कशी करावी?
– मंडळाचे एक कार्यकर्ते, ठाणे (प.)

उत्तर : आधी जागेचा हिशेब करू. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटं मावतात आणि एका सीडीवर फार तर ऐंशी मिनिटं. म्हणजे दोन्ही मिळून 48 च्या आसपास गाणी. निम्मी यादी गळणारच, त्याची तयारी ठेवा.

मला तुमच्यातल्या दोन्ही बाजू पटत नाहीत. ओठांवरची गाणी लोकांच्या मोबाइलवर आहेतच. आणि रेकॉर्ड मिळत नाही एवढ्यावरून ती चांगली ठरत नाही; काही मुळातच फिक्या होत्या, म्हणून खपल्या नाहीत. हा संच एका कंपनीच्या कामाचा आहे. म्हणून प्रत्येक गाण्यापाशी एकच प्रश्न विचारा : कंपनीने ही रेकॉर्ड का भरली? याचं उत्तर पुस्तिकेत एका वाक्यात देता आलं तर गाणं ठेवा.

एचएमव्हीवाल्या ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग 1902 मध्ये कलकत्त्यात आले आणि गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित झालं. तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. कलकत्त्यातला कारखाना 1908 चा. मायक्रोफोन नव्हता. गायकाने कर्ण्यात तोंड घालून खणखणीत गायचं, तबला मागे कुठेतरी. या तंत्राला रंगभूमीचा कमावलेला आवाज मानवला. रंगमंचावर वन्समोअर घेत रंगणारं पद तीन मिनिटांत बसवताना गायकाने काय सोडलं आणि कोणती तान मुद्दाम राखली, हे ऐकण्यासारखं असतं. तुमच्या पहिल्या सीडीचा मोठा भाग मी या पदांना देईन.

परदेशात 1925 मध्ये विद्युत ध्वनिमुद्रण आलं, आपल्याकडे त्या दशकाच्या अखेरीस. मायक्रोफोनपुढे हळू गाता येऊ लागलं आणि भावगीताला जागा झाली. जी. एन. जोशींनी गायलेलं ना. घ. देशपांड्यांचं ‘रानारानांत गेली बाई शीळ’ इथे हवंच. ते लोकप्रिय आहे म्हणून नव्हे. हेच जोशी पुढे एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले आणि इतरांना गायला बोलावू लागले. कंपनीची गोष्ट त्यांच्यावाचून पुरी होत नाही.

चार-पाच रेकॉर्डींच्या दोन्ही बाजू घ्या, असा माझा आग्रह राहील. गिऱ्हाईक एक गाणं विकत घेत नसे, तबकडी घेत असे. गाजलेल्या गाण्याच्या पाठीमागे कंपनीने काय ठेवलं होतं, हे कळलं की तिचा अंदाज आणि धाडस दोन्ही कळतं. यासाठी दोन आवडती गाणी गेली तरी चालतील.

यादी आठवणीवरून पक्की करू नका, तबकडी हातात घेऊन करा. एकच पद एकाच गायकाने दोनदा भरलेलं असू शकतं, तेव्हा लेबलावरचा क्रमांक आणि मधल्या मोकळ्या जागेत कोरलेला मॅट्रिक्स नंबर (त्या ध्वनिमुद्रणाची खूण) टिपून घ्या. 78 ला जाड सुई लागते, एलपीची चालत नाही. जुन्या तबकड्या नेमक्या 78 च्या गतीने भरलेल्या असतीलच असं नाही. साथीला पेटी किंवा ऑर्गन असेल तर स्वर कोणत्या पट्टीत येतो ते पाहा. तो पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांच्या, जसं काळी चार आणि पांढरी सहाच्या, अधेमधे लटकत असेल तर गतीवर संशय घ्या. गती चुकली की बालगंधर्वांचा आवाजही चिरका होतो. खरखर कमी करा, पण संगणकाने पूर्ण पुसायला जाऊ नका. तिच्याबरोबर तंबोरा आणि श्वासही जातात.

आता हक्क. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं असतो. 1960 ची रेकॉर्ड 2021 च्या सुरुवातीला मुक्त झाली. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा, कवी-संगीतकाराच्या निधनानंतर 60 वर्षांचा. ‘मानापमान’ नाटकाचे खाडिलकर 1948 मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. तिथे अडचण नाही. अडचण आहे ती आपल्या ठाण्याच्याच पी. सावळारामांची. ते 1997 मध्ये गेले, म्हणजे त्यांचे शब्द 2057 अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सावळाराम, वसंत प्रभू आणि लता मंगेशकर या त्रयीविना ठाण्यातून असा संच निघावा, हे मला बघवणार नाही. तेव्हा रीतसर परवानगी मागा, आणि हे पत्र आजच लिहा. 60 वर्षांच्या आतल्या ध्वनिमुद्रणांसाठी सारेगामाला विचारावं लागेल. एचएमव्हीची जुनी कंपनी आता त्या नावाने आहे. वेष्टनावर एचएमव्हीच्या कुत्र्याचं चित्र परस्पर छापू नका. तो ट्रेडमार्क आहे, त्याला 60 वर्षांचा नियम लागू नाही.

प्रश्न : आजोबांच्या रेकॉर्डींवर पावसाळ्यात बुरशी आली आहे. स्पिरिटने पुसू का?
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : अजिबात नको! 78 च्या तबकड्या लाखेच्या असतात आणि स्पिरिटमध्ये लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरमध्ये सौम्य साबणाचा एखादा थेंब टाका, मऊ कापड त्यात भिजवून घट्ट पिळा आणि खाचांच्या दिशेने गोल पुसा. लेबल भिजू देऊ नका. नंतर नुसत्या पाण्याच्या ओल्या कापडाने पुसून सावलीत वाळवा. बुरशी लागलेली जुनी पाकिटं टाकून द्या, मात्र त्यांवर दुकानाचं नाव किंवा आजोबांचं हस्ताक्षर असेल तर ती वाळवून वेगळी ठेवा. तबकड्या नव्या कागदी पाकिटांत, उभ्या, खाडीकडच्या भिंतीपासून दूर ठेवा.